गातो बार्बिएरीचा ‘कालिएंते!’: ऐकणाऱ्यांची मतं इतकी फाटलेली का?

प्रश्न: मी टेनर सॅक्सोफोन शिकतोय. गातो बार्बिएरीचा ‘कालिएंते!’ हा अल्बम ऐकायला घेतला आणि लोकांची मतं वाचून गोंधळून गेलो. कुणी म्हणतं, असा सॅक्सोफोन पुन्हा कुणी वाजवला नाही. कुणी म्हणतं, हे हॉटेलच्या लॉबीत लावायचं संगीत आहे. तिसरा म्हणतो, यात लॅटिन औषधालाही नाही. यातलं कुणाचं खरं धरायचं? आणि शिकणाऱ्यानं यातून काय घ्यावं?

उत्तर:

ही तीन मतं मीही वर्षानुवर्षं ऐकत आलोय, विद्यार्थ्यांकडून, सोबतच्या वादकांकडून, मैफलीनंतर गप्पा मारायला थांबणाऱ्या श्रोत्यांकडून. तिन्ही मतं देणाऱ्यांनी अल्बम नीट ऐकलेला असतो. फरक पडतो तो त्यांना बार्बिएरी आधी कुठे भेटला यानं. ‘कालिएंते!’ निघाला १९७६ साली. तोवर या माणसाची चांगली पंधरा वर्षांची कारकीर्द झाली होती आणि तिच्यात दोन-तीन वेगवेगळे बार्बिएरी होऊन गेले होते. तुम्ही ज्या बार्बिएरीच्या प्रेमात आधी पडलात, त्याच्या मापानं हा अल्बम मोजता.

त्यामुळे थोडा मागचा हिशोब मांडतो. लेआंद्रो बार्बिएरी १९३२ साली अर्जेंटिनातल्या रोझारिओ शहरात जन्मला. ‘गातो’ हे त्याचं टोपणनाव. जॅझचा सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर याचं वादन कानावर पडलं आणि पोरगा संगीताकडे वळला. आधी क्लॅरिनेट, मग आल्टो सॅक्सोफोन, मग टेनर. ब्वेनोस आयरेसमध्ये तो लालो शिफ्रिनच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचा. १९६२च्या सुमारास तो रोमला गेला आणि युरोपात ट्रंपेटवादक डॉन चेरीच्या संगतीला लागला. १९६५च्या डिसेंबरात चेरीचा ‘कम्प्लीट कम्यूनियन’ ध्वनिमुद्रित झाला, त्यात बार्बिएरी आहे. हा सगळा फ्री जॅझचा काळ. ठरलेली चाल नाही, ठरलेले कॉर्ड नाहीत, सॅक्सोफोनमधून निघणारा प्रत्येक आवाज संगीत म्हणून चालेल अशी भूमिका. किंचाळणं, घोगरेपणा, फाटलेला स्वर, हे सगळं त्यानं तिथे कमावलं. पुढे तो आवाज ज्याला ‘रोमँटिक’ वाटतो, त्यानं हे मूळ विसरू नये.

साठचं दशक संपता संपता तो आपल्या खंडाकडे परतला, निदान संगीतापुरता. १९७१चा ‘फेनिक्स’ ऐका. रॉन कार्टरचा बास, लेनी व्हाइटचे ड्रम्स, नाना व्हास्कॉन्सेलोसचं बेरिंबाऊ (ब्राझीलचं एकतारी धनुष्यासारखं वाद्य), आणि वर बार्बिएरीचा टेनर अर्जेंटिना-ब्राझीलच्या चाली गळा काढून गातोय. मग १९७२मध्ये ‘लास्ट टँगो इन पॅरिस’ या चित्रपटाचं संगीत आलं आणि त्याचं नाव जॅझच्या बाहेर गेलं. ती प्रसिद्धी घेऊन तो आरामात बसू शकला असता. त्यानं उलट केलं. १९७३ साली इंपल्स कंपनीसाठी ‘चॅप्टर वन: लॅटिन अमेरिका’ केला तो थेट ब्वेनोस आयरेस आणि रिओमधल्या वादकांना घेऊन. त्यात केना बासरी आहे, चारांगो हे छोटं तंतुवाद्य आहे, बोंबो ढोल आहेत, दिनो सालुस्सीचं बँडोनिऑन, म्हणजे टँगोतलं भात्याचं वाद्य, आहे. ही मालिका चार भागांची झाली. तिसऱ्या भागाची, १९७४च्या ‘व्हिवा एमिलियानो सापाता’चं वाद्यसंयोजन चिको ओ’फॅरिलनं केलं. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि दोन वर्षांनी ‘कालिएंते!’. कंपनी ए अँड एम, निर्माता हर्ब आल्पर्ट, म्हणजे कंपनीच्या नावातला ‘ए’ आणि स्वतः टिहुआना ब्रासचा लोकप्रिय ट्रंपेटवादक. साथीला न्यूयॉर्कचे स्टुडिओत मुरलेले वादक: गिटारवर एरिक गेल, ड्रम्सवर पुन्हा लेनी व्हाइट, तालवाद्यांवर राल्फ मॅकडॉनल्ड आणि एमटुमे. व्हायोलिनांचा ताफा, गुळगुळीत केलेला बास, मार्व्हिन गेचं ‘आय वॉन्ट यू’ आणि कार्लोस सांतानाचं ‘युरोपा’.

आता बघा. १९७३चा बार्बिएरी ज्याच्या कानात बसलाय, त्याला इथे माती गेली, बोंबो गेला, सालुस्सी गेला, आणि बदल्यात व्हायोलिन आली असं दिसतं. तो चिडणारच. ज्यानं ‘युरोपा’ आधी ऐकलं, बहुतेक वेळा रेडिओवर रात्री उशिरा, त्याला हा अल्बम म्हणजे बार्बिएरीचं सर्वस्व वाटतो. आणि ज्याचा कान क्युबा-पोर्टो रिकोच्या संगीतावर तयार झालाय, तो क्लावे, म्हणजे तिथल्या संगीताचा पाया असलेला टाळीचा ठेका, शोधतो, त्याला ती सापडत नाही, आणि तो म्हणतो यात लॅटिन काय? तिघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. पण तिघांपैकी कुणीही सॅक्सोफोनबद्दल फारसं बोलत नाही, सगळे सॅक्सोफोनच्या भोवतालाबद्दल बोलतायत. तुम्ही सॅक्सोफोन शिकताय, म्हणून तुम्हाला मी त्याच्याबद्दलच जास्त सांगणार आहे.

‘युरोपा’ लावा. सांतानानं ही चाल त्याच वर्षी ‘अमिगोस’ या अल्बममध्ये गिटारवर वाजवली होती, टॉम कॉस्टरसोबत बांधलेली. चालीचा सांगाडा अगदी साधा आहे. एका कॉर्डचा षड्ज धरला तर पुढच्या कॉर्डचा षड्ज त्याच्या मध्यमावर, त्याच्या पुढचा पुन्हा त्याच्या मध्यमावर, अशी साखळी फिरत फिरत मायनर कॉर्डवर येऊन टेकते. शेकडो गाणी या साखळीवर उभी आहेत. त्यामुळे ऐकणाऱ्याला पुढे काय येणार याचा अंदाज आधीच येतो, आणि वादकाकडे राहतं काय, तर फक्त ‘कसं’. बार्बिएरी तिथेच सगळा जीव ओततो.

त्याचा स्वर कसा सुरू होतो ते ऐका. जिभेनं खट्कन तोडलेला आरंभ तो क्वचितच घेतो. आधी हवा येते, मग स्वर तिच्यातून वर येतो. लांब स्वर आधी सरळ ठेवतो, कंप शेवटी शेवटी सुरू होतो, रुंद आणि संथ, गाणाऱ्याच्या श्वासाच्या गतीचा. ठेक्याच्या किंचित मागे रेंगाळतो, इतकं की ड्रम्स पुढे निघून जातील असं वाटावं, आणि ओळीच्या शेवटी बरोबर येऊन मिळतो. चाल दुसऱ्यांदा येते तेव्हा तोच स्वर वरच्या सप्तकात आणि त्याला खरखर. ही खरखर म्हणजे ग्रोल.

ग्रोल कसा येतो हे बऱ्याच शिकणाऱ्यांना माहीत नसतं. ते जोरात फुंकतात, गळ्याच्या शिरा ताणतात, ओठ आवळतात आणि दुखणं ओढवून घेतात. ग्रोलचा जोराशी संबंध थोडा. तुम्ही वाजवत असताना घशातून एक वेगळा स्वर गुणगुणायचा, बस्स. वाद्यातला स्वर आणि घशातला स्वर एकमेकांवर आदळतात आणि तो खरखरीत, भिजलेला आवाज निघतो. आधी मधल्या सप्तकात एकच लांब स्वर धरा, मुखपट्टीवरची (माउथपीसवरची) ओठांची पकड बदलू नका, आणि हळूच ‘ऊ’ गुणगुणा. सुरुवातीला सूर हलेल, स्वर मरेल, काही हरकत नाही. घसा मोकळा राहिला पाहिजे, एवढंच पाहा. घशात खवखव झाली की थांबायचं, त्या दिवशी पुन्हा नाही. आणि ग्रोल बंद केल्यावर तोच स्वर स्वच्छ, सुरेल वाजतो का ते दर वेळी तपासायचं. बार्बिएरीचा ग्रोल अंगावर येतो त्याचं कारण त्याचा साधा स्वरही तितकाच भरलेला आहे. साधा स्वर पोकळ असेल तर ग्रोल म्हणजे नुसता गोंगाट.

तर ‘लॉबीतलं संगीत’ म्हणणाऱ्यांना माझं उत्तर हे आहे: व्हायोलिन काढून टाका, मनातल्या मनात, आणि फक्त टेनर ऐका. तो माणूस १९६५मध्ये चेरीबरोबर ज्या आवेगानं वाजवत होता त्याच आवेगानं वाजवतोय. त्यानं एक कणही हात राखलेला नाही. इतक्या मखमली साथीवर इतका उघडा, फाटका, रडवेला टेनर ठेवायचा हा निर्णय धाडसाचा होता. पुढे रेडिओवर ‘स्मूद जॅझ’ म्हणून जे काही वाजलं, त्यात व्हायोलिन आणि गिटारांचा गुळगुळीतपणा तेवढा उचलला गेला, हा आवाज उचलायची हिंमत फार थोड्यांनी केली. ‘युरोपा’ त्या रेडिओचं लाडकं झालं आणि नंतरच्या शेकडो गोडगुळचट सॅक्सोफोन-तुकड्यांचं पाप त्याच्या माथी बसलं. हे अन्यायाचं आहे असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडच्या श्रोत्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आडवी येते. आपला सॅक्सोफोन हिंदी सिनेमातून कानात शिरला. मनोहारी सिंगांनी ‘रूप तेरा मस्ताना’मध्ये जे वाजवलं, त्यानं दोन-तीन पिढ्यांच्या मनात सॅक्सोफोन म्हणजे रात्र, पाऊस, अंधारी खोली असं घट्ट नातं बांधून टाकलं. मनोहारीदांचं वादन अप्रतिम आहे, त्याबद्दल वादच नाही. पण त्या सवयीचा कान घेऊन ‘युरोपा’ ऐकलं की तो आपोआप दृश्याच्या मागचं संगीत म्हणून ऐकला जातो. दृश्य नसतं, म्हणून ‘लॉबी’ आठवते. पहिल्यांदा ऐकताना दिवसा ऐका, उजेडात, खुर्चीत ताठ बसून. हे मी गंभीरपणे सांगतोय, फरक पडतो.

आता लॅटिनचा मुद्दा. क्लावे म्हणजे काय ते आधी हातावर घ्या. तीनतालाच्या सोळा मात्रा मोजा, आणि १, ४, ७, ११, १३ या मात्रांवर टाळी द्या. पहिल्या आठात तीन टाळ्या, दुसऱ्या आठात दोन. ही क्युबाची ‘सोन क्लावे’. बास, पियानो, कोंगा (हातानं वाजवायचे उंच ढोल), गाणारा, सगळे या पाच टाळ्यांना बांधलेले असतात, आणि कुणी उलटा गेला तर जाणकार श्रोता तोंड वाकडं करतो. न्यूयॉर्कमध्ये माचितो आणि मारिओ बाऊसा यांनी चाळिशीच्या दशकात या शिस्तीवर जॅझचे हॉर्न चढवले. १९४८ साली खुद्द चार्ली पार्कर माचितोच्या बँडसोबत वाजवून गेला, आणि १९५०मध्ये ‘आफ्रो-क्यूबन जॅझ सुइट’मध्ये त्याच बँडबरोबर पुन्हा. ते सुइट लिहिणारा चिको ओ’फॅरिल. म्हणजे ज्या पार्करमुळे रोझारिओतल्या पोरानं वाद्य हातात घेतलं, त्या पार्करनं ज्याची रचना वाजवली, त्या माणसानंच चोवीस वर्षांनी त्या पोरासाठी ‘सापाता’चं वाद्यसंयोजन केलं. ही साखळी मला फार प्रिय आहे.

पण बार्बिएरी क्युबाचा नव्हता. अर्जेंटिनाच्या माणसाकडे सांबा, चाकारेरा, मिलोंगा हे तिथले नाच असतात, शेजारच्या ब्राझीलचा सांबा असतो (त्या दोन ‘सांबां’चा एकमेकांशी काही संबंध नाही, उच्चार आपल्या कानाला सारखा लागतो एवढंच). त्याच्यावर क्लावेची सक्ती करणं म्हणजे पंजाबी ढोलात लावणीची ढोलकी शोधणं. लॅटिन अमेरिका हा अख्खा खंड आहे. बरं, ‘कालिएंते!’मध्ये अर्जेंटिना तरी कुठे आहे, असं विचाराल तर ते मात्र रास्त आहे. ताल बहुतेक ठिकाणी त्या काळचा न्यूयॉर्कचा फंक आहे, कोंगा त्याला रंग देतात, पाया देत नाहीत. ‘फिएस्ता’ या तुकड्याला नाच आहे, पण तो कुठल्या गावचा हे सांगता येत नाही. लॅटिन जॅझचा नमुना म्हणून कुणाला हा अल्बम देऊ नका, हे तिसऱ्या मताचं म्हणणं मला मान्य आहे. त्यासाठी ‘चॅप्टर वन’ द्या.

तरीही तालाबद्दलची बरीच नाराजी अल्बमपेक्षा ऐकण्याच्या साधनाची असते. मोबाइलच्या स्पीकरवर कोंगाचा मोठा, खालचा ढोल जवळजवळ ऐकूच येत नाही, बास गिटारचा खालचा भाग तर नाहीच. उरतात ती व्हायोलिन, गिटारची टिकटिक आणि समोर ठेवलेला सॅक्सोफोन. म्हणजे नेमकं जे ‘लॉबी’ वाटतं तेवढंच. बरा हेडफोन लावा आणि ‘फिएस्ता’मध्ये एकदा फक्त उजव्या-डाव्या बाजूची तालवाद्यं ऐका. मत पूर्ण नाही बदललं तरी थोडं सरकेल.

हे ताल आपल्याला परके आहेत असंही समजू नका. ‘समाधी’तलं (१९५०) ‘गोरे गोरे ओ बाँके छोरे’ आठवा, ते सरळ एका गाजलेल्या लॅटिन धाटणीच्या गाण्यावरून आलेलं. त्याच्या पुढच्याच वर्षीचा ‘अलबेला’, त्यातलं ‘शोला जो भडके’ आणि त्यातले बोंगो. दोन्ही आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांची, आणि त्यांच्यासोबत मुंबईच्या हॉटेलांतल्या डान्स बँडमधले गोव्याचे वादक होते, हळदोण्याचे चिक चॉकलेट त्यांत प्रमुख. रुंबा वाजवणं हे त्या गोवेकर वादकांचं रोजचं काम होतं. मराठी घरांत हा ठेका सत्तर वर्षांपूर्वीच नाचून गेलाय.

बार्बिएरीविरुद्धची एक तक्रार मात्र खरीच आहे: तो तेच तेच वाजवतो. त्याच्याकडे वाक्यं मोजकी आहेत. खालून हवेतून उठणं, मधल्या सप्तकात चाल गाणं, वर चढणं, किंचाळणं, खाली येणं. दोन अल्बम लागोपाठ ऐकले की हा आराखडा दिसू लागतो. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनसारखं एका कॉर्डमधून दहा वाटा काढणं हा त्याचा पिंड नव्हे. मला याचा त्रास ‘आय वॉन्ट यू’मध्ये होतो. तिथे चालीत मुळातच फार स्वर नाहीत, मूळ गाणं गायकाच्या कुजबुजीवर तोललेलं आहे, आणि त्यावर बार्बिएरी पूर्ण आवाजात उतरतो. दोघांचंही नुकसान होतं. ‘डोन्ट क्राय, रोशेल’ त्यामानानं पुष्कळ बरा जमलाय, तिथे तो स्वतःला थोडा आवरतो. आणि ‘फायरफ्लाइज’, पहिलाच तुकडा, मला ‘युरोपा’इतकाच आवडतो. तिथे चाल मोठी नाही, म्हणून लोकांच्या लक्षात राहत नाही, पण टेनरचा आवाज जसा खोलीत शिरतो तसा फार थोड्या ध्वनिमुद्रणांत शिरतो.

तर तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर: लॅटिन जॅझ म्हणून हा अल्बम मधला, बार्बिएरीचं संगीत म्हणून ‘चॅप्टर वन’ आणि ‘फेनिक्स’च्या खालचा, आणि टेनर सॅक्सोफोनचा आवाज म्हणून पहिल्या रांगेतला. शिकणाऱ्याला शेवटची गोष्ट सगळ्यात उपयोगाची आहे, म्हणून ऐका.

शिकताना असं करा. ‘युरोपा’ची चाल कागदावरून वाजवू नका, आधी गळ्यानं गा, बार्बिएरीच्या बरोबर, त्याच्याच श्वासांवर. तो कुठे श्वास घेतो ते पेन्सिलनं लिहून ठेवा, तिथेच तुम्ही घ्या. मग वाद्यावर, पहिला महिनाभर ग्रोलशिवाय आणि कंपाशिवाय. सरळ स्वरात चाल उभी राहिली की शेवटी कंप, त्यानंतर ग्रोल, आणि तोही फक्त दुसऱ्या फेरीत, एक-दोन स्वरांवर. पुष्कळ जण पहिल्याच ओळीपासून खरखर सुरू करतात, मग वर जायला जागाच राहत नाही. वरच्या सप्तकाच्या पलीकडचे त्याचे स्वर, ज्यांना आम्ही आल्टिसिमो म्हणतो, ते सध्या सोडून द्या. टेनरची नेहमीची अडीच सप्तकं सुरेल झाल्याशिवाय त्यांना हात लावायचा नाही.

ऐकण्याचा क्रम विचाराल तर: आधी ‘फायरफ्लाइज’, मग ‘युरोपा’, मग हा अल्बम बाजूला ठेवून ‘चॅप्टर वन’मधलं ‘नुंका मास’, जिथे सालुस्सीचं बँडोनिऑन आणि टेनर समोरासमोर येतात. त्यानंतर पार्करची माचितोसोबतची ध्वनिमुद्रणं. आणि मग परत ‘कालिएंते!’ पहिल्यापासून शेवटपर्यंत. तोवर लोकांची मतं वाचू नका. वाचायचीच असतील तर प्रत्येक मतापुढे एक प्रश्न लिहा: हा माणूस सॅक्सोफोनबद्दल बोलतोय की व्हायोलिनबद्दल? आणि ग्रोल करताना घसा दुखायला लागला तर मला कळवा, बहुधा मुखपट्टी चुकीची असते किंवा रीड, म्हणजे तिच्यावरची पातळ पात, फार कडक.